तुझ्या तासाचा भाव काय?



गेल्या गणपतीत मंडळाच्या जेवणाची पंगत बसली होती. पंगत म्हणजे काय, शाळेच्या कॅफेटेरियात कागदी ताटल्या घेऊन उभी राहिलेली रांग. माझ्या मागे एक काका होते. इथे येऊन त्यांना चाळीस वर्षं झालीत, माणूस अतिशय सज्जन. मसालेभाताचा डाव हातात घेतला तेव्हा त्यांचं लक्ष माझ्या नखांकडे गेलं. आदल्या दिवशी गाडीचं काम केलं होतं, आणि ते काळं दोन दिवस तरी निघत नाही. काकांनी विचारलं, मी सांगितलं. मग त्यांनी मला तो प्रश्न टाकला, जो ह्या देशात प्रत्येक देसी इंजिनियरला कोणीतरी कधीतरी विचारतंच: "अरे, तुझ्या तासाचा भाव काय? तेवढ्यात मेकॅनिकला देऊन मोकळा हो की!"

तेव्हा मी हसून वेळ मारून नेली. मागे रांग खोळंबली होती. पण प्रश्न काही डोक्यातून गेला नाही, म्हणून आज सविस्तर उत्तर लिहितोय.

आधी गाडीबद्दल. माझ्याकडे 1994 सालची माझदा मियाटा आहे. लाल, दोन सीटची, कापडी छताची, पाच गियरची. ही गाडी 1989 च्या फेब्रुवारीत शिकागोच्या ऑटो शोमध्ये पहिल्यांदा लोकांसमोर आली. तेव्हा छोट्या, उघड्या, स्वस्त स्पोर्ट्स कारचा जमाना संपला असंच सगळे धरून चालले होते. माझदानं तो परत आणला, आणि 2016 च्या एप्रिलमध्ये दहा लाखावी गाडी कारखान्यातून बाहेर पडली. माझी गाडी त्यातलीच एक, तीस वर्षांवर झालेली. 1.8 लिटरचं इंजिन, वजन हजार किलोच्या आसपास, ताकद मागच्या चाकांना. आजच्या एखाद्या साध्या फॅमिली कारनं सिग्नलवर हिला सहज मागे टाकावं, इतपतच हिचा वेग. तरी चालवताना जी मजा येते ती वेगळीच, ते राहू दे.

2018 मध्ये ही मी 3,200 डॉलरला घेतली, तेव्हा मीटरवर 1,18,000 मैल होते. तेव्हापासून एका कोष्टकात सगळा हिशोब लिहून ठेवलाय (सॉफ्टवेअरवाल्याची खोड, दुसरं काय). सुटे भाग 4,600 डॉलर. हत्यारं 1,350 डॉलर. जे मला जमलं नाही आणि बाहेर करून घेतलं ते 2,100 डॉलर. आणि माझे तास: साधारण 310.

काका, आता तुम्हीच गुणाकार करा. माझ्या पगाराच्या हिशोबानं हा धंदा शुद्ध आतबट्ट्याचा आहे. तेव्हा "स्वतः केलं की पैसे वाचतात" हा युक्तिवाद मी करणारच नाही. एखाद्या कामात वाचतात, हे खरं. क्लचचं पेडल एकदा सिग्नलवर खाली गेलं ते वर आलंच नाही. स्लेव्ह सिलिंडर गळत होता, ह्या गाडीचं जुनं दुखणं. दुकानात 380 डॉलर सांगितले. भाग मिळाला 32 डॉलरला. दोन बोल्ट, एक पाइप, आणि नंतर हवा काढायला पेडल दाबणारा दुसरा माणूस. हा दुसरा माणूस म्हणजे बायको. "दाब. धर. सोड." असं अर्धा तास चाललं होतं. त्या अर्ध्या तासाचा भाव तिनं अजून वसूल केलेला नाही, पण करेल. :-)

मग पैसे वाचत नाहीत तर करायचं कशाला? माझ्याकडे तीन कारणं आहेत. तिसरं सांगायला थोडं अवघड आहे, म्हणून शेवटी ठेवतो.

पहिलं कारण: समोरचा खरं बोलतोय की नाही ते कळायला लागतं. गेल्या वर्षी बायकोची रोजची गाडी ऑइल बदलायला एका दुकानात दिली होती. फोन आला, चारी चाकांचे ब्रेक पॅड आणि रोटर गेलेत, 940 डॉलर होतील, आणि "सेफ्टीचा प्रश्न आहे सर". सात-आठ वर्षांपूर्वी मी मुकाट्यानं कार्ड पुढे केलं असतं. सेफ्टी म्हटलं की आपण सगळे गप्प बसतो. ह्या वेळी गाडी घरी आणली, चाकं काढली, मोजलं. पॅडवर सात मिलीमीटर शिल्लक होते. नवीन पॅड दहा-बारा मिलीमीटरचे असतात. म्हणजे अर्ध्याहून जास्त आयुष्य बाकी.

सगळी दुकानं असली असतात असं मला म्हणायचं नाही. ह्याच मियाटाच्या दाराखालचा पत्रा गंजला होता. कापडी छतावरचं पाणी सीटमागच्या दोन नळ्यांतून गाडीखाली जातं. त्या नळ्यांत पानं-कचरा अडकला की पाणी आत तुंबतं आणि पत्रा आतून सडतो. त्यात मॅसॅच्युसेट्सचा हिवाळा, म्हणजे रस्त्यावर मीठ. ते वेल्डिंग मी एका म्हाताऱ्या कारागिराकडे दिलं. त्यानं दोन दिवसांत जे केलं ते मला दोन वर्षांत जमलं नसतं, आणि त्यानं जे मागितलं ते घासाघीस न करता दिलं. स्वतः पत्रा घासून बघितल्यामुळेच त्याच्या कामाची किंमत मला कळली. थोडक्यात काय, थोडं हातानं केलं की चोरही ओळखता येतो आणि उस्तादही.

दुसरं कारण हक्काचं आहे. माझ्या गाडीचा कॉम्प्युटर इतका जुना आहे की बिघाड वाचायला कुठलंही यंत्र लागत नाही. बॉनेटखाली एक छोटी डबी आहे. तिच्यातल्या दोन खाचा वायरच्या तुकड्यानं जोडायच्या, चावी फिरवायची, आणि डॅशबोर्डवरचा दिवा किती वेळा लुकलुकतो ते मोजायचं. एक लांब आणि पाच छोटे, म्हणजे पंधरा, म्हणजे ऑक्सिजन सेन्सर. झालं निदान. गाडी मालकाशी सरळ बोलते. नवीन गाड्या मात्र हळूहळू कंपनीशीच बोलायला लागल्यात, आणि तेही बिनतारी, आपल्याला न विचारता.

मी 2012 च्या ऑगस्टमध्ये एमएस करायला इथे आलो. त्याच नोव्हेंबरात ह्या राज्यातल्या लोकांनी मतदान करून कौल दिला की दुरुस्तीची जी माहिती डीलरला मिळते ती मालकाला आणि स्वतंत्र मेकॅनिकलाही मिळाली पाहिजे. 2020 मध्ये परत मतदान झालं, ह्या वेळी बिनतारी माहितीसाठी. तेही लोकांनी भरघोस मतांनी पास केलं, आणि गाड्यांच्या कंपन्या लगेच कोर्टात गेल्या. भारतातही ग्राहक व्यवहार खात्यानं डिसेंबर 2022 मध्ये राइट टू रिपेअरचं पोर्टल उघडलं. मला इथे मत नाही, व्हिसावर आहे. पण हातात पाना असलेला माणूस ह्या भांडणात कुठल्या बाजूला उभा राहणार हे सांगायला नकोच. आपण स्वतः सॉफ्टवेअरवाले. कुलपं लावणारे बहुतेक आपल्यातलेच आहेत, तेव्हा निदान आपल्याला तरी ह्यावर काहीतरी मत असायला हवं.

आता तिसरं.

मी मेकॅनिकल इंजिनियर आहे. डिग्रीवर तसं छापलंय. पहिल्या वर्षाला वर्कशॉप होतं, फिटिंगचा जॉब: लोखंडाचे दोन तुकडे कानशीनं घासून एकमेकांत चपखल बसवायचे. आपल्यापैकी किती जणांनी तो स्वतः घासला, हात वर करा. मी नाही. आमच्या बॅचचे अर्धे जॉब वर्कशॉपच्या असिस्टंटनं चहापाण्यावर करून दिले होते, त्यात माझाही होता. जर्नल मात्र सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, सबमिशन वेळेवर. पुढे कॅम्पसमध्ये सॉफ्टवेअर कंपनी आली आणि लोखंडाचा संबंध संपला.

आणि माझे वडील, अण्णा, एसटीत मेकॅनिक होते. सांगली जिल्ह्यातल्या एका डेपोत बत्तीस वर्षं. लेलँड आणि टाटाची इंजिनं उतरवून चढवायची. रात्री घरी आले की आधी मोरीत जाऊन रॉकेलनं आणि मग साबणानं हात धुवायचे. तो वास आमच्या घराचाच वास होता. मला लहानपणी कधी डेपोत यायचं असलं तर त्यांनी नेलं नाही. पाना हातात घेतला तर काढून घेतला. "तू अभ्यास कर." माझी फी भरायला त्यांनी सोसायटीचं कर्ज काढलं ते एवढ्यासाठीच, की माझी नखं स्वच्छ राहावीत.

2022 च्या उन्हाळ्यात अण्णा आणि आई सहा महिन्यांसाठी आले होते. शनिवारी सकाळी मी गाडीखाली आडवा. अण्णा गराजच्या दारात आले, थोडा वेळ बघत उभे राहिले, आणि म्हणाले, "ह्येच करायला शिकवला व्हय तुला?"

चेष्टेत म्हणाले असं मला वाटलं. बाहेर येऊन बघतो तर चेहऱ्यावर चेष्टा नव्हती. घरात जाऊन बसले. नंतर दोन शनिवार गराजकडे फिरकलेसुद्धा नाहीत.

तिसऱ्या शनिवारी मी मागचे ब्रेक करत होतो. ह्या गाडीच्या मागच्या कॅलिपरचा पिस्टन दाबून आत जात नाही. आतल्या बाजूचा एक बोल्ट काढून, त्याच्या मागे चार मिलीमीटरची अ‍ॅलन की घालून फिरवत आत न्यावा लागतो. हे मला तासभर पिस्टनशी कुस्ती खेळल्यावर कळलं. शेवटी पॅड बसले, चाक चढवलं, नट हातानं फिरवून लावले, आणि तेवढ्यात ऑफिसचा फोन. त्या आठवड्यात ऑन-कॉल मी होतो. प्रॉडक्शनला काहीतरी पडलं होतं. दोन तास लॅपटॉपवर गेले. परत आलो, गाडी खाली उतरवली, हत्यारं आवरली.

संध्याकाळी बायकोला घेऊन आइस्क्रीम खायला निघालो. दोन मैलांवर मागून टक टक आवाज यायला लागला. बाजूला घेऊन बघतो तर डाव्या मागच्या चाकाच्या चार नटांपैकी एक गायब, बाकीचे तीन बोटानं फिरत होते. दहा मिनिटांनी आम्ही हायवेवर असतो. बायको काही बोलली नाही. ती बोलली असती तर बरं वाटलं असतं.

घरी येऊन अण्णांना सांगितलं. ओरडतील वाटलं होतं. ते उठले, गराजमध्ये आले, स्टूल ओढून बसले. म्हणाले, "नटं कुणी आवळायची, हे ठरलेलं असतंय. चाक काढतो त्यो आवळतो. दुसरा तपासतो. मग गाडी हलती. मधी कुणी हाक मारली तर पाना ठिवायच्या आधी नट पुरं करायचं, न्हाईतर चाक उतरवून ठिवायचं. अर्धं लावून जायचं न्हाई." मग माझ्या हातातला टॉर्क रेंच उलटसुलटा करून बघितला. 80 फूट-पाऊंडला सेट करून दिला, तर चारी चाकांचे सोळा नट एकेक करून त्यांनी स्वतः तपासले. प्रत्येक क्लिक झाल्यावर मान हलवायचे.

त्या दिवसापासून परत जाईपर्यंत ते दर शनिवारी येऊन बसले. ती गाडी त्यांना आवडली असं नाही. "दोन माणसं बसतात, छप्पर कापडाचं, ही काय गाडी?" हे शेवटपर्यंत चालू होतं. पण बत्तीस वर्षांत कधी सांगितलं नव्हतं ते त्या चार महिन्यांत सांगितलं. कुठल्या घाटात कुठली गाडी कशी आणली, आवाजावरून बेअरिंग कसं ओळखायचं. मी विचारण्याइतका शहाणा झालो होतो, कारण आता मला प्रश्न तरी पडत होते.

काका, ह्या तासांचा भाव कोष्टकात कुठल्या रकान्यात लिहू?

अर्थात ह्यात एक ढोंगही आहे, ते कबूल करतो. मी हातात पाना धरला की त्याला 'हॉबी' म्हणतात, फोटो काढतात. अण्णांनी धरला तर 'शिकला नाही म्हणून'. मला हे परवडतं कारण मला हे करावं लागत नाही. पण म्हणूनच माझं म्हणणं आहे की आपण हे करून बघावं. हाताचं काम कमी डोक्याचं असतं हा समज आपण सामानात बांधून इथपर्यंत आणलाय. मागचा कॅलिपर एकदा स्वतः सोडवला की तो समज टिकत नाही. आपल्या धंद्यात चूक झाली की आपण मागची आवृत्ती परत चढवतो आणि सोमवारी मीटिंग घेतो. सुटलेल्या चाकाला मागची आवृत्ती नसते. एसटीतल्या माणसाच्या हातावर रोज पन्नास-साठ जीव असायचे आणि पगार किती होता ते मला माहीत आहे.

आणखी एक प्रसंग सांगतो आणि आवरतो. 2023 च्या जानेवारीत माझी नोकरी गेली. सकाळी नऊला मेल आली, दहाला लॅपटॉप बंद. एच-वनवाल्यांना साठ दिवस असतात हे इथे कोणाला सांगायला नको. त्या वेळी मियाटाचं तोंड उघडं होतं: टायमिंग बेल्ट आणि वॉटर पंप बदलायला काढला होता. बायको म्हणाली, जशी आहे तशी विकून टाक. परत जायची वेळ आली असती तर गाडी नेता येणारच नव्हती. भारतात तीन वर्षांपेक्षा जुनी किंवा डाव्या स्टिअरिंगची वापरलेली गाडी आणता येत नाही. तिचं म्हणणं बरोबर होतं. पण उघड्या इंजिनाची गाडी भंगाराच्या भावात जाते, चालती गाडी नीट किमतीला. म्हणून ठरवलं, आधी पुरी करायची.

दिवसभर अर्ज आणि इंटरव्ह्यू, रात्री मुलगी झोपली की दोन तास गराज, शेजारी छोटा हीटर. ह्या इंजिनात दोन कॅम पुलींवरच्या खुणांच्या मध्ये बेल्टचे बरोबर 19 दात यावे लागतात. मी मोजले, 19. अण्णांचा नियम आठवला आणि बायकोला बोलावलं. तिनं टॉर्च धरून मोजले आणि म्हणाली, अठरा. मी वाद घातला. तिनं परत मोजले, खडूनं प्रत्येक दातावर खूण करत. अठराच होते. ह्या इंजिनात बेल्ट चुकला तरी व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटत नाहीत, त्यामुळे इंजिन फुटलं नसतं. पण चाललं असतं अडखळत, आणि त्या मनःस्थितीत मी ते परत उघडलं नसतं. परत काढला, परत बसवला, दोघांनी मोजला.

सत्तेचाळिसाव्या दिवशी नोकरी मिळाली. त्याचा बेल्टशी काही संबंध नाही, तसा दावा मी करत नाही. फक्त एवढंच, की त्या सात आठवड्यांत लोकांकडून "कळवतो" सोडून दुसरं उत्तर मिळत नव्हतं, तेव्हा ते इंजिन एका रात्री चालू झालं. गाडी नंतर विकली नाही.

ज्यांना करून बघावंसं वाटतं त्यांच्यासाठी थोडं कामाचं:

- सुरुवात एअर फिल्टर, बॅटरी, ऑइल इथून करा. ब्रेक पहिल्यांदा कोणीतरी जाणत्यानं समोर उभं राहून शिकवल्याशिवाय करू नका.
- नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जाऊ नका. स्टँड लावा, आणि चाक काढलं असेल तर तेही गाडीखाली आडवं सरकवून ठेवा. 2020 मध्ये इथे लाखो जॅक-स्टँड सदोष म्हणून परत मागवले होते. तेव्हा एकाच गोष्टीवर भरवसा नको.
- एअरबॅग, सस्पेन्शनच्या स्प्रिंगा आणि एसीचा गॅस ह्यांना हात लावू नका. पहिल्या दोन जीव घेऊ शकतात, तिसरा हवेत सोडणं बेकायदेशीर आहे.
- टॉर्क रेंच घ्या. आणि दुसऱ्याला तपासायला लावा, मग तो दुसरा कॉमर्सचा का असेना. आमच्याकडे कॉमर्सवालीच जास्त अचूक मोजते.
- फोन घरात ठेवून या.

सगळ्यांनी जुनी स्पोर्ट्स कार घ्यावी असं मुळीच नाही. अनेकांकडे गराज नाही, असलं तर सोसायटीचे नियम आड येतात. शिलाई मशीन चालेल, सायकल चालेल, घरातला गळका नळ चालेल. तुमचा तास महाग असेल, आणि तो असाच महाग राहो. पण महिन्याला त्यातला एखादा असा घालवा, जिथे चुकलं तर ते तुमचंच चुकलेलं असेल.

पुढच्या महिन्यात पुढचे ब्रेक करायचे आहेत. जवळपास राहणाऱ्या कोणाला बघायचं असेल तर जरूर या, जुने कपडे घालून. चहा मिळेल. काका, तुम्हालाही आग्रहाचं आमंत्रण, नट तपासायला दुसरा माणूस हवाच आहे. अण्णा व्हिडिओ कॉलवर असतात, पण तिथून त्यांना क्लिक नीट ऐकू येत नाही.

चूकभूल द्यावी घ्यावी.

आपला,
डिग्रीनं मेकॅनिकल, पोटासाठी सॉफ्टवेअर
(बॉस्टनच्या पश्चिमेला)